पेट्रोलने साडी धुऊ नका

लग्नसराई आटोपली की शालू, पैठण्या पुन्हा कपाटात ठेवताना त्यांच्यावरचे तेलाचे, श्रीखंडाचे डाग डोळ्यांत भरतात. ड्रायक्लीनचा दर ऐकला की गृहिणी घरगुती उपाय शोधू लागतात. काटकसरीबद्दल माझी तक्रार नाही. पण यातल्या एका उपायाविरुद्ध डॉक्टर म्हणून मला लिहिलेच पाहिजे. पूर्वी हे काम रॉकेलने होई. आता रॉकेल सहज मिळत नाही, म्हणून स्कूटरमधून वाटीभर पेट्रोल काढले जाते.

डाग जातो हे खरे आहे. तेलकट डाग पेट्रोलात विरघळतो आणि दुकानदारही पाण्याऐवजी द्रावकच वापरतात. मात्र त्यांचे द्रावक पेट्रोलइतके चटकन पेट घेणारे नसते, आणि दुकानात शेजारी गॅसची शेगडी किंवा देवापुढची समईही नसते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते. न्हाणीघरात साडी घासत असताना स्वयंपाकघरात दूध तापत असेल, तर ही वाफ तिथपर्यंत सहज पोहोचते. शिवाय थंडीच्या कोरड्या दिवसांत रेशीम घासले की वीज साठते. अंधारात नायलॉनचा कपडा काढताना जी तडतड ऐकू येते तीच ही ठिणगी, आणि पेट्रोलच्या वाफेला तेवढी पुरते.

दोन्ही पंजे भाजलेल्या एक काकू माझ्याकडे आल्या होत्या. घरच्यांनी जखमेवर टूथपेस्ट फासली होती, ती काढण्यातच आमचा वेळ गेला. वाचकहो, भाजल्यावर टूथपेस्ट, शाई, हळद काही लावू नका. भाजलेला भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या गार पाण्याखाली धरा, सूज येण्याआधी बांगड्या-अंगठ्या काढा आणि मग दवाखाना गाठा.

आग लागली नाही तरी पेट्रोल निरुपद्रवी ठरत नाही. त्याने कातडीतील स्निग्धता जाऊन हाताला भेगा पडतात, खाज सुटते. त्यात बेन्झीन असते आणि ते दीर्घकाळ अंगात गेले तर अस्थिमज्जेला घातक ठरते. उरलेले पेट्रोल सरबताच्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय तर फारच वाईट! मुलाने ते किंवा रॉकेल प्यायले, तर त्याला उलटी करायला लावू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते आणि न्यूमोनिया होतो. तसेच उचलून रुग्णालयात न्या.

मग साडीचे काय करायचे? रेशीम हे आपल्या केसांसारखेच प्रथिन आहे. म्हणून धुण्याचा सोडा आणि ब्लीच त्याला चालत नाही, रिठा चालतो. आधी पदराच्या आतल्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके दाबून पाहा. रंग उतरला, तर साडी मुकाट्याने दुकानात द्या. भारी जरीची पैठणीही मी तरी घरी धुऊ देणार नाही. साध्या रेशमी साडीसाठी रिठे भिजवून, कुस्करून पाणी गाळून घ्या. गार पाण्यात ते मिसळून साडी दोन-तीन मिनिटे खालीवर करा आणि लगेच स्वच्छ पाण्यातून काढा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत वाळवा. रिठ्याचा फेस डोळ्यांत गेला की चांगलाच झोंबतो, एवढी काळजी घ्या. तेलाचा डाग ताजा असेल, तर त्यावर टाल्कम पावडर टाकून रात्रभर ठेवून झटकली तरी पुष्कळदा भागते. आणि प्रत्येक वेळी साडी नेसली म्हणून ती धुतलीच पाहिजे असे नाही. घामाची साडी दोन दिवस वाऱ्यावर टाकली तरी पुरते.

दुकानातून आलेले कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून एक दिवस मोकळ्या हवेत टांगा. द्रावकाचा वास त्यात राहतो. ती पिशवी लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, डोक्यात घातली तर श्वास कोंडतो. डांबरगोळ्यांत ठेवलेली जुनी रेशमी साडी किंवा दुपटे नवजात बाळाला थेट गुंडाळू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचे विकर कमी असते. अशा बाळांच्या तांबड्या पेशी त्या वासाने फुटतात आणि कावीळ वाढते. बारशाला तीच साडी वापरायची असेल, तर ती आधी धुऊन कडकडीत वाळवून घ्या.