धुपून गेलेली माती कोणाची?

बांधकामाच्या जागेवरून पावसाचं पाणी वाहून जातं, त्याला परवाना कशाला? मॅसॅच्युसेट्समध्ये साइटवर काम करताना हा प्रश्न मी मुकादमापासून घरमालकापर्यंत सगळ्यांकडून ऐकला आहे. माती निसर्गाची, पाऊस निसर्गाचा, मग यात प्रदूषण कसलं, असं त्यांचं म्हणणं.

पण झाडं तोडून, गवत खरवडून ती माती उघडी कोणी केली? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा, ईपीएचा, अंदाज असा की बांधकामाच्या जागेवरून शेताच्या १० ते २० पट आणि जंगलाच्या १,००० ते २,००० पट गाळ वाहून जातो. यातला बारीक गाळ ओढ्याच्या तळाशी खडीच्या फटींत जाऊन बसतो. ब्रुक ट्राउट मासा नेमकी त्याच खडीत अंडी घालतो. फटी बुजल्या की अंड्यांपर्यंत वाहतं पाणी पोचत नाही, प्राणवायू मिळत नाही, आणि ती जागच्या जागी मरतात. आपल्याकडे ज्याच्या शेताची ताल एकदा तरी फुटली आहे, त्याला माती वाहून जाणं म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा आक्षेप लहान जागांचा. एखाद्या एकराने काय बिघडतं? हा वाद न्यायालयात होऊन गेला आहे. १९९० च्या नियमात ईपीएने ५ एकरांखालच्या जागा वगळल्या. आधी तिच्याच मसुद्यात मर्यादा १ एकराची होती. लहान जागांमुळे अपाय होत नाही याला आधार काय, असं विचारत संघीय अपील न्यायालयाने १९९२ साली ती सूट रद्द केली. १९९९ साली नवा नियम आला, २००३ पासून १ एकराची मर्यादा लागू झाली. मोठ्या लेआउटमधला पाव एकराचा प्लॉटही त्यात येतो, आणि ते बरोबरच आहे, कारण सगळ्या प्लॉटांचं पाणी उतरतं एकाच ओढ्यात. कोरड्या मुलखावर अन्याय होतो ही तक्रारही टिकत नाही. पावसाचा मारा अगदी कमी असलेल्या काळात काम उरकणाऱ्या ५ एकरांखालच्या जागेला सवलत मागता येते.

तिसरा आक्षेप मला खरा बोचतो: हे सगळे कागदी घोडे आहेत. एका साइटवर मी रात्रीच्या पावसानंतर सकाळी गेलो होतो. ऑफिसातल्या फाइलमध्ये गाळ अडवणाऱ्या कापडी कुंपणापुढे 'ठीक' अशी खूण होती. बाहेर त्या काळ्या कापडाची खालची कड जमिनीत पुरलेलीच नव्हती. ती वाऱ्यावर हलत होती आणि तिच्याखालून चहाच्या रंगाचं पाणी सरळ रस्त्याच्या गटारात चाललं होतं. पलीकडच्या कोपऱ्यात गाळ कुंपणाच्या अर्ध्या उंचीच्या वर साचला होता. तो अर्ध्यावर येण्याआधीच काढायचा असतो. दोन मजुरांनी फावड्यांनी चर खणला, कड पुरली, माती ठोकून बसवली. तासाभराचं काम.

म्हणून परवाना निरुपयोगी ठरतो का? मी तर उलट म्हणेन. आठवड्यातून एकदा, किंवा दोन आठवड्यांतून एकदा आणि शिवाय पाव इंच पाऊस पडला की २४ तासांच्या आत, साइट पायी फिरून पाहा, हे त्याच परवान्याने बांधून दिलं आहे. खोटी खूण करणाऱ्याने परवाना मोडला. त्याचं पाप परवान्याच्या माथी मारू नये. खर्चाचं म्हणाल, तर बी आणि पेंढा पसरून उघडी माती झाकायला जे पैसे लागतात, ते वाचवले तर खालच्या गावाला गटारं उपसायला मोजावे लागतात.

परवाना तोकडा पडतो तो दुसरीकडे. २००९ साली ईपीएने मोठ्या साइटवरून जाणाऱ्या पाण्याच्या गढूळपणाला २८० एनटीयूची (एनटीयू हे गढूळपणा मोजायचं एकक) मर्यादा घातली होती. बांधकाम व्यावसायिकांनी तिला आव्हान दिलं, तिच्या हिशेबात चूक निघाली, आणि २०१४ साली ती मागे घेतली गेली. २०२२ च्या परवान्यात खड्ड्यातून पंपाने उपसलेलं पाणी संवेदनशील ओढ्यात सोडायचं असेल तर ५० एनटीयूचा निकष आहे. पावसाने वाहून येणाऱ्या पाण्याला मात्र असा आकडाच नाही. हिशेब दुरुस्त करून ती मर्यादा परत आणली पाहिजे. कागदावरच्या खुणेचा भरवसा वाटत नाही म्हणणाऱ्यांनी तर ही मागणी सगळ्यांत आधी करावी. गढूळपणा मोजायचं यंत्र हातात मावतं आणि एक नमुना मोजायला काही मिनिटं पुरतात.