धूर आधी पोचतो

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात शिशू कक्षाला आग लागली. १० बाळं गेली. या अंकातलं स्वस्त अग्निसूचक यंत्र निवडताना ती रात्र मनातून हलत नव्हती.

सर्वांत सोपं सर्किट थर्मिस्टरचं: तापमान वाढलं की त्याचा रोध घटतो, कंपॅरेटर पलटतो, बझर वाजतो. विद्यार्थ्यांनी ते जरूर जोडावं, पण झोपायच्या खोलीत त्यावर विसंबू नये. खोली तापेपर्यंत धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने माणूस बेशुद्ध झालेला असू शकतो. धूर ओळखणारा एमक्यू-२ सेन्सर सहज मिळतो. मात्र त्याचा हीटर सतत सुमारे १५० मिलिअँपिअर खातो. वीज गेल्यावर ९ व्होल्टची छोटी बॅटरी त्याला काही तासच पुरते. म्हणून आम्ही काळ्या डबीतल्या एलईडी आणि फोटोडायोडच्या जोडीला कौल दिला. आत शिरलेल्या धुराच्या कणांवरून प्रकाश विखुरतो, फोटोडायोडवर पडतो, इशारा मिळतो. एलईडी काही सेकंदांनी एकदा, क्षणभरच पेटवला तर बॅटरी महिनोन्महिने टिकते. डबीला बारीक जाळी लावा, नाहीतर मुंग्याही भोंगा वाजवतील. हे यंत्र घरासाठी आहे. रुग्णालयात आणि वसतिगृहात प्रमाणित यंत्रणाच हवी. तिथे आम्हाला काटकसर मान्य नाही.