जहाजाचा फोटो सापडतो, आजोबांचा कागद सापडत नाही

ढोकीपासून समुद्र तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तेरणा कारखान्याच्या या उसाच्या मुलखात युद्धनौकेचा विषय काढला तर माणसे आधी हसतील. पण महायुद्धाच्या काळात हे गाव ज्या निजामाच्या राज्यात होते, त्याच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या एका विनाशिकेला त्याचेच नाव मिळाले. ‘निजाम’ 1940 मध्ये स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकला पाण्यात उतरली आणि जानेवारी 1941 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नौदलात दाखल झाली. क्रीट बेटावरून सैन्य माघारी आणण्याच्या कामात ती होती. 2 सप्टेंबर 1945 रोजी जपानने शरणागतीवर सही केली, तेव्हाही ती टोकियोच्या उपसागरात उभी होती. तिचे फोटो कॅनबेराच्या युद्धस्मारकाने जतन केले आहेत. नाव हैदराबादचे असले तरी खलाशी ऑस्ट्रेलियाचे.

हे सांगण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत जगभरच्या संग्रहालयांनी आपले फोटो इंटरनेटवर खुले केले आणि ‘आजोबा आरमारात होते’ एवढ्या एका वाक्यावर नातवंडे जहाजाचा फोटो शोधू लागली. उत्साह चांगलाच आहे. पण नावावरून शोधणारा बहुधा फसतो.

‘तलवार’चेच घ्या. आजोबा ‘तलवार’वर होते, 1946 च्या बंडात होते, हे घराघरांत अभिमानाने सांगितले जाते. ‘तलवार’ हे जहाज नव्हतेच. मुंबईत कुलाब्याला जमिनीवर असलेली ती संदेशवहनाची प्रशिक्षण शाळा; 18 फेब्रुवारी 1946 रोजी बंडाला तोंड फुटले ते तिथे. नौदलाच्या रिवाजाने किनाऱ्यावरच्या ठाण्यालाही जहाजासारखेच नाव देतात. नातू बिचारा समुद्रात शोधत बसतो.

‘गोदावरी’ची तऱ्हा आणखी वेगळी. आपल्या तेरणेचे पाणी मांजरेतून शेवटी ज्या नदीला मिळते, तिच्या नावाची स्लूप जातीची नौका 1943 मध्ये नौदलात आली. फाळणीत जहाजांचीही वाटणी झाली. ‘गोदावरी’ पाकिस्तानकडे गेली आणि ‘सिंध’ झाली, ‘नर्मदा’ची ‘झेलम’ झाली. पुढे 1983 मध्ये भारताने नवी ‘गोदावरी’ बांधून दाखल केली, ती 2015 मध्ये निवृत्त झाली. आज त्या नावाने शोधले की पुढे येते ती बहुतेक वेळा ही नवी. तोच फोटो आजोबांच्या तसबिरीशेजारी लागला, तर चूक कोणाच्या लक्षात येणार? म्हणून नावाबरोबर साल हवे आणि जहाजाच्या बाजूवर रंगवलेला क्रमांकही ताडून पाहायला हवा. ‘निजाम’चा तो जी 38 होता.

साल कुठून आणायचे? सेवामुक्तीच्या कागदातून. मी बँकेत असताना दर नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी सैनिकांच्या विधवा यायच्या. पदराच्या गाठीतून, प्लॅस्टिकच्या पिशवीतून कागद निघायचा. आम्ही त्यावरचा नंबर तेवढा वहीशी ताडून पाहत असू. त्यात माणसाचा सेवाक्रमांक, भरतीचा आणि सुटकेचा दिवस असतो, कधी कधी कोणत्या जहाजावर किती महिने काढले तेही असते. महायुद्धापूर्वी 2,000 च्या आत असलेले हिंदी नौदल 1945 पर्यंत 30,000 च्या घरात गेले. त्यातले बहुसंख्य युद्ध संपताच घरी परतले. पुष्कळांना पेन्शनही नाही. त्यांच्यापाशी उरला तो एवढाच कागद.

‘बंगाल’ या लहानशा नौकेने 11 नोव्हेंबर 1942 रोजी ‘ओंडिना’ या डच तेलवाहू जहाजाच्या जोडीने हिंदी महासागरात दोन जपानी जहाजांना तोंड दिले. त्यातले ‘होकोकु मारू’ बुडाले. सरकारी युद्धेतिहासात ही लढाई सविस्तर आहे. तोफेवरचा साधा खलाशी मात्र फोटोखालच्या ओळीत सहसा नसतो. त्याचे नाव त्याच्या घरच्यांनीच लावायचे.

पेन्शन नसलेल्या महायुद्धकालीन सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार दरमहा अनुदान देत आले आहे. त्या अर्जांबरोबर सेवेचे कागद जोडलेले असतात, म्हणजे घरातला कागद वाळवीने खाल्ला तरी त्याची प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असू शकते. नातवंडांनी इंटरनेटच्या आधी तिथे जावे. या विधवा आता नव्वदीत आहेत. त्यांच्या फायली बंद होतील तेव्हा रद्दीत जाऊ नयेत, एवढे सरकारने आत्ताच ठरवायला हवे. नौदलाच्या फायलींची एकेक प्रत मुंबईच्या मेरिटाइम हिस्टरी सोसायटीकडे पाठवायला खर्च तो कितीसा येणार?