जाहिरात घ्यावी, पण विश्वास विकू नये



बोलणाऱ्याचे हुलगेही विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात, अशी आपल्याकडे म्हण आहे. जाहिरात म्हणजे हे बोलणेच. ते पूर्वी दवंडीने, घराच्या भिंतीवरच्या रंगाने आणि वर्तमानपत्रातून होई. आता ते मोबाइलवरही होते. शिवाय मोबाइलवर माहितीचे पान चालवणारा आता आपल्याच घरचा मुलगा किंवा सून असू शकते. मोसंबीचा बहार कसा धरावा, कपाशीवरची बोंडअळी कशी ओळखावी, आज बाजारात काय भाव निघाला, हे लिहायला मुंबई-पुण्याला जावे लागत नाही. अंबडच्या किंवा घनसावंगीच्या शेतात बसूनही वेबसाइट चालवता येते. मग प्रश्न येतो, की यातून चार पैसे मिळतील का, आणि मिळवताना वाचक वैतागणार तर नाहीत ना?

आधी पैसा कसा येतो ते पाहू. जाहिरातदार गुगलसारख्या कंपनीला पैसे देतो. ती कंपनी आपल्या पानावर जाहिरात लावते, स्वतःचा वाटा ठेवते आणि उरलेले आपल्याला देते. आपला हिशेब जाहिरात किती वेळा दिसली किंवा किती जणांनी तिच्यावर बोट दाबले, यावर होतो. गुगलच्या योजनेत कमाई दहा डॉलरपर्यंत गेली, की पत्ता खरा आहे का हे पाहण्यासाठी टपालाने एक आकडा पाठवतात. पुढे शंभर डॉलर जमल्यावरच रक्कम बँकेत येते. तेव्हा पहिल्याच महिन्यात घर चालेल अशी आशा धरू नये. हे कोरडवाहू पीक आहे, बागायत नव्हे. आणि घरातल्यांना, मित्रांना "आमच्या जाहिरातीवर बोट दाबा" असे तर कधीच सांगू नये. ती लबाडी धरली जाते आणि खाते बंद होते.

पैसा हळू येतो म्हटल्यावर माणूस उतावळा होतो. एका पानावर दोन जाहिराती होत्या, त्याच्या दहा करतो. वाचक कापसाचा भाव पाहायला येतो, तर आधी चौकट अंगावर येते, मग आपोआप गाणे सुरू होते, आणि भाव कुठे आहे ते शोधता शोधता बोट भलतीकडेच पडते. असा वाचक पुन्हा फिरकत नाही. अति तिथे माती, ती अशी.

हा वैताग जगभराचा आहे. मोठ्या जाहिरातदार आणि तंत्रज्ञान कंपन्यांनी मिळून एक मंडळ स्थापन केले. त्याने लोकांची मते घेऊन २०१७ साली कोणत्या जाहिराती लोकांना नकोशा होतात याची यादी केली. अंगावर उडी मारणारी चौकट, न विचारता आवाजासह सुरू होणारी चित्रफीत, मजकूर झाकून टाकणारी मोठी पट्टी, या त्यात होत्या. मोबाइलच्या पानावर तीस टक्क्यांहून अधिक जागा जाहिरातींनी खाल्ली तर तेही नकोसे ठरले. असा त्रास देणाऱ्या वेबसाइटवरच्या जाहिराती गुगलच्या क्रोमने २०१८ पासून अडवायला सुरुवात केली आणि जुलै २०१९ पासून हा नियम जगभर लावला. म्हणजे हाव धरली तर वाचकही जातो आणि पैसाही जातो.

मग जाहिरात आणि वाचक एकत्र नांदतील कसे? याचे उत्तर महाराष्ट्राने शंभर वर्षांपूर्वीच पाहिले आहे. किर्लोस्करवाडीचा कारखाना लोखंडी नांगर बनवत असे. सुरुवातीला लोखंडाने जमीन विषारी होते अशा भीतीने शेतकरी तो नांगर घेत नसत, असे सांगतात. अशा मालाची जाहिरात करणे सोपे नव्हते. १९२० साली या कारखान्यातून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकार होते आणि कारखान्याच्या जाहिरातीचे काम पाहत. निव्वळ नांगराची स्तुती छापली असती, तर ते पत्रक चार दिवसांत चुलीत गेले असते. त्यांनी वाचण्याजोगा मजकूर दिला. कारखान्याचे पत्रक वाढत वाढत घराघरांतले मासिक झाले, आणि त्याच्या जोडीला १९३० साली ‘स्त्री’ व १९३४ साली ‘मनोहर’ ही मासिके निघाली. लोकांनी मासिक विकत घेतले ते मजकुरासाठी, जाहिरात त्याच्या सोबतीने घरात गेली. गाडीला आधी बैल लागतो, ओझे मागून चढते.

दुसरा धडा तर आपल्या जालन्यातच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको ही बियाण्यांची कंपनी काढली. पुढे १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आज जालना बियाण्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. बियाण्याच्या पिशवीकडे नीट पाहा. वर डौलदार पिकाचे रंगीत चित्र असते, ती जाहिरात. पण प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅगही असतो. त्यावर वाण, लॉट नंबर आणि तपासणीची तारीख असते. सोयाबीनची उगवण निदान सत्तर टक्के असलीच पाहिजे, असे प्रमाण ठरलेले आहे. जाणता शेतकरी चित्र पाहतो, पण पैसे मोजतो ते टॅग वाचून. चित्र आणि टॅग यांची जागा वेगळी आहे, म्हणून पिशवीवर विश्वास बसतो.

वेबसाइटचेही तसेच ठेवावे. माहितीची जागा वेगळी, जाहिरातीची वेगळी, आणि जाहिरातीच्या डोक्यावर ‘जाहिरात’ असे ठळक लिहिलेले. पैसे घेऊन एखाद्या टॉनिकची किंवा औषधाची तारीफ केली, तर तेही स्पष्ट सांगावे. ही केवळ सभ्यता नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसव्या जाहिरातीत पैसे घेऊन शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आता चार गोष्टी गाठीला बांधाव्यात. पहिली, पानाच्या सुरुवातीला वाचक ज्यासाठी आला ती माहिती द्यावी आणि जाहिरात मजकूर संपल्यावर किंवा मध्ये मोकळ्या जागी लावावी. दुसरी, कोणत्या प्रकारच्या जाहिराती नकोत हे आपल्याला बंद करता येते. झटपट श्रीमंती, जुगार, चमत्कारी औषधे यांना दार उघडू नये. चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे, आणि पैशाच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा संसदेने २०२५ साली केला आहे. तिसरी, जवळच्या जाहिराती मिळवाव्यात. रोपवाटिका, ठिबकचे दुकान, ट्रॅक्टर दुरुस्ती, गोठ्याचे सामान, यांची हंगामात ठरलेल्या दराने लावलेली एकच जाहिरात वाचकाला खुपत नाही, उलट उपयोगी पडते. चौथी, जाहिरातदाराने "आमच्याविरुद्ध लिहू नका" अशी अट घातली तर पैसे परत करावेत.

या चौथ्या गोष्टीत खरी कसोटी आहे. शहरातल्या वाचकाची फसगत झाली तर त्याचे शे-दोनशे जातात. आपल्या वाचकाची फसगत झाली तर त्याची पेरणी जाते, दुबार पेरणीचे कर्ज अंगावर येते आणि एक वर्ष हातचे निघून जाते. आणि तो वाचक अनोळखी नसतो. तो आपल्याच पारावर बसतो, आपल्याच दिंडीत चालतो. त्याच्या डोळ्याला डोळा देता आला पाहिजे.

गांधीजींनी ‘यंग इंडिया’ आणि ‘नवजीवन’ जाहिरातींशिवाय चालवले. सगळ्यांना ते जमणार नाही आणि जाहिरात घेण्यात पापही नाही. घाम गाळून लिहिणाऱ्याला मोबदला मिळालाच पाहिजे. पण जाहिरात ही बांधावरच्या झाडासारखी असावी. सावली द्यावी, फळही द्यावे, पण पिकाचे ऊन खाऊ नये. खायला लागली, की फांदी छाटायला मालकाने मागेपुढे पाहू नये.