नर्तकाच्या हातचा कुंचला

एखाद्या ख्यातनाम नर्तकाच्या वा नृत्यांगनेच्या चित्रांचे प्रदर्शन भरले की येणाऱ्यांचे सहसा दोन तट पडतात. एका तटाला केवळ नावाचे अप्रूप असते. चित्रापुढे क्षणभर थांबून, कलावंताशेजारी उभे राहून छायाचित्र काढून घेऊन तो कृतार्थ भावाने घरी परततो. दुसरा तट नाक मुरडतो. ज्याने आयुष्यभर पायात घुंगरू बांधले त्याने रंगांच्या वाटेला जावेच कशाला, हा फार तर उतारवयातील विरंगुळा, असे त्याचे मत असते. वरवर पाहता हे दोन तट परस्परविरोधी आहेत. वस्तुतः दोघांचीही चूक एकच आहे. पहिला नाव पाहतो, दुसरा व्यवसाय पाहतो. चित्र कोणीच पाहत नाही. प्रत्येक कला म्हणजे स्वतंत्र कुंपण घातलेला वाडा आणि एका वाड्यातल्याने दुसऱ्यात डोकावणे ही हौस, अशी समजूत दोघांच्याही मनात घर करून बसलेली आहे. ही समजूत भारतीय नाही.

विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात मार्कंडेय ऋषी आणि वज्र राजा यांचा संवाद आहे. राजाला देवमूर्ती घडविण्याचे शास्त्र जाणून घ्यावयाचे आहे. ऋषी त्यास सांगतात की, चित्रविद्या जाणल्याखेरीज मूर्तिविद्या कळणार नाही. मग चित्रविद्या शिकवा, असे राजा म्हणतो. त्यावर उत्तर येते की, नृत्य जाणल्याखेरीज चित्र कळणार नाही. नृत्यासाठी वाद्य जाणावे लागेल आणि वाद्यासाठी गीत. मूर्तीचे रहस्य विचारायला आलेल्या राजाला ऋषी गाण्यापाशी नेऊन उभा करतात! नृत्यातील दृष्टी, भाव, हस्त आणि अंगोपांगे हीच चित्रातही योजावीत, असा या ग्रंथाचा दंडक आहे. या परंपरेच्या दृष्टीने नर्तकाने चित्र काढणे हा परक्या प्रांतातील प्रवेश ठरत नाही. तो स्वगृही परतलेला असतो.

हे केवळ पोथीतील वचन नव्हे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी आणि तिच्या भोवतीच्या वादक स्त्रिया आहेत. त्या नर्तकीच्या कमरेचा झोक ज्या चित्रकाराने रंगविला, त्याला तोल म्हणजे काय हे ठाऊक होते. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात हेच दृश्य पाषाणात उतरले आहे. नाट्यशास्त्रात वर्णिलेली १०८ करणे चिदंबरमच्या गोपुरांवर कोरलेली आहेत. पुढे नृत्याचे अभ्यासक त्या शिल्पांकडे पुन्हा शिकण्यासाठी गेले. नृत्याने शिल्पाला दिले आणि शतकानंतर शिल्पाने ते नृत्याला परत केले. कलांची ही देवघेव हजार वर्षे अखंड चालू होती.

ती खंडित कशी झाली? १८५७ मध्ये मुंबईत जे. जे. कलाशाळा सुरू झाली. तिचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. १८७२ पासून ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली याच शाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला परिश्रमपूर्वक केल्या. परंतु विलायती पद्धतीच्या या शिक्षणात रेखन, रंगकाम आणि मूर्तिकाम शिकविले जाई. त्यांची जननी मानलेल्या नृत्याला तेथे जागा नव्हती. दुसरीकडे इंग्रजी शिकलेला सुधारक वर्ग नृत्याकडेच तुच्छतेने पाहू लागला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मद्रास प्रांतात नृत्याविरुद्ध चळवळ उभी राहिली, तीत एतद्देशीय सुशिक्षितही आघाडीवर होते. दोष केवळ परकीयांचा नव्हता, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

या तुटलेल्या धाग्याची कथा उदयशंकर यांच्या जीवनात विलक्षण रीतीने प्रकटते. १९०० साली जन्मलेला हा तरुण १९१८ मध्ये जे. जे. कलाशाळेत दाखल झाला तो चित्रकार होण्यासाठी. तेथून १९२० मध्ये तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये गेला. तेथील प्रमुख विल्यम रोथेन्स्टाइन यांनी त्याचे लक्ष भारतीय कलेकडे वळविले. पुढे रशियन नर्तकी आना पावलोवा हिच्यासाठी १९२३ मध्ये त्याने हिंदू विवाह आणि राधाकृष्ण या विषयांवरील नृत्ये बसविली. नृत्याचे रीतसर शिक्षण त्याने घेतलेले नव्हते. चित्रकाराच्या डोळ्यांनी पाहिलेली शिल्पे आणि चित्रे हीच त्याची पाठशाळा. १९३० मध्ये स्विस शिल्पकार अॅलिस बोनर यांच्यासह त्याने भारतभर फिरून मंदिरे आणि लेणी न्याहाळली. भारतीय तरुणाला त्याचेच वैभव दाखविण्यासाठी इंग्रज चित्रकार आणि स्विस शिल्पकार लागावी, हे त्या दोघांना भूषणावह आहे. येथील शिक्षणव्यवस्थेला मात्र नाही.

त्यांच्या पत्नी अमला शंकर यांनी तोच प्रवास उलट दिशेने केला. १९१९ मध्ये जन्मलेल्या आणि २०२० मध्ये वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षी निवर्तलेल्या या नृत्यांगनेने चित्रेही काढली, आणि तीही कुंचल्याऐवजी बोटांनी व नखांनी. ज्या बोटांनी मुद्रा धरल्या त्याच बोटांनी रंग लावले. मध्ये अवजार नाही. कथकचे महामेरू पंडित बिरजू महाराज हेही चित्रांत रमत. या दोघांनाही कीर्तीसाठी चित्राची गरज नव्हती. जे अंगातून व्यक्त होते त्याचा काही अंश कागदावर ठेवून जावा, ही ओढच त्यामागे असली पाहिजे. नृत्य त्याच क्षणी विरून जाते. समेवर पडलेले पाऊल कोणीही राखून ठेवू शकत नाही. चित्र थांबते, आणि म्हणून नर्तकाला ते हवेसे वाटते.

तेव्हा अशा प्रदर्शनात पाहावे काय? कलावंताच्या नावाची पाटी क्षणभर विसरावी. आकृतीचा भार कोणत्या पायावर आहे, रेषेत आधीच्या हालचालीचा वेग आणि पुढच्या हालचालीची चाहूल आहे का, रिकामी जागा रंगमंचासारखी बोलते आहे का, हे पाहावे. नर्तकाला पाठीचा कणा आतून ठाऊक असतो. ते ज्ञान रेषेत उतरले असेल तर रंगलेपनातील कच्चेपणा क्षम्य ठरतो. आणि उतरले नसेल तर चित्र कितीही थोर व्यक्तीचे असो, ते सामान्य आहे असे म्हणण्याचे धैर्यही हवे. भक्ती आणि रसिकता यांची गल्लत करणे हा कलेचा आदर नव्हे.

हा प्रश्न दूरच्या कलादालनांपुरता नाही. ठाण्याच्या नौपाड्यात रविवारी सकाळी घंटाळी, विष्णुनगर, राम मारुती मार्ग अशा भागांतून फेरफटका मारावा. एखाद्या घरातून तत्कार ऐकू येतो, तर एखादी मुलगी चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेची फळी काखोटीला मारून जाताना दिसते. पंडित गोपीकृष्ण यांच्या नावाने नृत्यमहोत्सव भरविणारे, डॉ. मंजिरी देव यांच्यासारख्या गुरूंनी घडविलेले हे शहर आहे. परंतु नृत्याच्या वर्गात कोणी चित्र दाखवीत नाही आणि चित्राच्या वर्गात कोणी उभे कसे राहावे हे सांगत नाही. नववीत गेल्यावर तर घरात प्रश्नच विचारला जातो, दोन्हींपैकी काय सोडणार? आणि दहावीत बहुधा दोन्ही सुटतात. कन्येचे अरंगेत्रम थाटात करणारे घर तिला एकदाही अजिंठ्याला नेत नाही, यात कोणालाच विसंगती वाटत नाही.

संघटनेच्या कार्यकर्त्यांनीही येथे अंतर्मुख व्हावे. गुढीपाडव्याच्या यात्रेत रांगोळी हवी, कार्यक्रमाच्या आरंभी गीत हवे, मध्ये नृत्य हवे. कला म्हणजे कार्यक्रमाची सजावट, एवढाच तिचा उपयोग अनेकदा मानला जातो. ज्यांनी १९५७ मध्ये भीमबेटकाची प्रागैतिहासिक चित्रे जगापुढे आणली, ते डॉ. विष्णु श्रीधर उपाख्य हरिभाऊ वाकणकर स्वयंसेवक होते, चित्रकार होते आणि १९८१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कार भारतीच्या संस्थापकांपैकी होते. त्या शैलाश्रयांच्या भिंतींवर हातात हात घालून नाचणारी माणसे आहेत. या भूमीवरच्या प्राचीन चित्रकारालाही नाच रेखाटावासा वाटला, हे हरिभाऊंनी डोंगरदऱ्या पालथ्या घालून दाखविले. त्यांचे नाव घेणाऱ्यांनी कलेला मखरात बसवून थांबू नये.

उपाय खर्चिक नाही. ठाण्याहून लोकलने तासाभराच्या आत अंबरनाथ येते. तेथील शिवमंदिर शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० मधील, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील. ज्या शिलाहारांची राजधानी श्रीस्थानक, म्हणजेच आजचे ठाणे, त्यांनी उभारलेल्या या मंदिराच्या भिंती नृत्यमग्न आकृतींनी भरलेल्या आहेत. नौपाड्यातील नृत्यवर्गांनी वर्षातून एकदा विद्यार्थ्यांना वह्या-पेन्सिली देऊन तेथे न्यावे; प्रथम आकृती रेखाटावी, मग तिच्यासारखे उभे राहून पाहावे, आणि चुकलेली रेषा स्वतःच्या शरीराकडून दुरुस्त करून घ्यावी. वार्षिक स्नेहसंमेलनाच्या दिवशी ती रेखाटने सभागृहाच्या प्रवेशद्वाराशी लावावीत. त्या मुलांपैकी प्रत्येक जण चित्रकार किंवा नर्तक होणार नाही, हे उघड आहे. परंतु उद्या एखाद्या थोर नृत्यांगनेच्या चित्रापुढे ती उभी राहतील, तेव्हा शेजारी छायाचित्र काढण्याआधी त्यांची नजर त्या आकृतीच्या पायाकडे जाईल, भार कोठे आहे हे शोधील. मार्कंडेयांनी राजाला सांगितलेले तेव्हा त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.