पाणी येणार नाही, हे कुठे लिहिलंय?

'तू लिहितेसच ना, मग हेही कर' असं म्हणत आमच्या सोसायटीचं मासिक वार्तापत्र माझ्या गळ्यात पडलं. पहिला अंक मी लॅपटॉपवर मन लावून सजवला. ए-फोर आकाराचं पान, वर्तमानपत्रासारखे 3 कॉलम, मागे फिकट गणपती, जिथे जागा दिसेल तिथे फूल नाहीतर फोटो. पीडीएफ ग्रुपवर टाकली आणि अंगठ्यांचा पाऊस पडला.

गुरुवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. "अगं, नळाला पाणी नाही! टाकी धुणार हे आधी सांगायचं तरी."

सांगितलं होतं की! दुसऱ्या पानावर, तिसऱ्या कॉलममध्ये, वाढदिवसांच्या यादीखाली. काकू एकट्या राहतात, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी भरून ठेवलेल्या दोन बादल्या वर नेऊन दिल्या आणि त्यांच्या फोनवर अंक उघडला. पान बोटांनी मोठं करा, ओळ संपेपर्यंत उजवीकडे सरकवा, कॉलम संपला की पुन्हा वर जा. चार ओळींत माझाच जीव दमला.

पुढच्या अंकात एकच कॉलम ठेवला. अर्धा पडदा खाणारं वार्तापत्राचं नाव लहान केलं आणि त्याखाली लगेच एक चौकट: या महिन्यात लक्षात ठेवायचं काय, तर वार, तारीख, वेळ. 'उद्या' हा शब्द बाद. ग्रुपवरचा निरोप कोण कधी वाचेल, सांगता येत नाही.

खरी शिकवणी घेतली ती अक्षरांनी. इंग्रजीत ओळी जवळजवळ ठेवल्या तरी निभावतं. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार. अंतर कमी पडलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. म्हणून ओळींतलं अंतर दीडपट केलं. तिरपी अक्षरं काढली; ती माझी इंग्रजी बीएची सवय, मराठीत अक्षरं कोणीतरी ढकलल्यासारखी दिसतात. दोन्ही कडा सरळ करायचा मोहही सोडला, कारण अरुंद पडद्यावर 'व्यवस्थापन समितीच्या'सारखे लांब शब्द आले की ओळीत भगदाडं पडतात. अध्यक्षांचं मनोगत जुन्या फॉन्टमध्ये यायचं आणि फोनवर नुसती चिन्हांची खिचडी दिसायची. ते आता युनिकोडमध्ये, गूगलच्या फुकट मिळणाऱ्या 'नोटो सान्स देवनागरी'त लावते. फोटो 14 वरून 3 वर आणले, प्रत्येकाखाली फोटोओळ. यावरून दोघीजणी अजून रुसलेल्या आहेत.

तुम्हीही मंडळाचं किंवा शाळेचं पत्रक करत असाल, तर पाठवण्याआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या फोनवर उघडून बघा. त्यांना चष्मा मात्र त्यांचाच लावू द्या.

या वेळी काकूंचा फोन दहाच मिनिटांत आला. "वाचलं गं सगळं. पण हळदीकुंकवाच्या फोटोखाली मला डावीकडून तिसरी लिहिलंयस. मी चौथी आहे."