मशीन स्लो झालंय म्हणे!

खटपट • ब्रॉसार्डकर

संक्रांतीला केबेकमधल्या ब्रॉसार्डच्या मराठी घरांत तिळगुळाबरोबर एक प्रश्न हमखास फिरतो. "मशीन फार स्लो झालंय हो, नवा प्रोसेसर टाकू का?" यंदा तो जरा घाबरून विचारला जातोय. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, आणि त्याच सुमाराला रॅमचे भाव भडकले. एकीकडून 'आत्ताच घ्या' असा धोशा, दुसरीकडे दुकानातल्या किमतीचं लेबल बघून पाय मागे.

माझं म्हणणं असं की प्रोसेसरच्या नादी लागण्याआधी मशीन नेमकं कशासाठी अडतंय ते बघावं. त्याला एक सेंटही पडत नाही. टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्सच्या पानावर जा आणि रोजचं काम करत राहा: ब्राउझरमध्ये वीसेक टॅब, टीम्सची मीटिंग, एक्सेलची एखादी जाडजूड फाइल. आठ जीबी रॅमच्या मशीनवर चित्र बहुधा असं दिसतं की प्रोसेसर वीस-पंचवीस टक्क्यांवर पेंगतोय, मेमरी नव्वदच्या वर गेलीय आणि डिस्क शंभरला टेकलीय. रॅममध्ये जागा संपली की विंडोज त्यातला माल डिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसा परत आणतं. रॅममधून काही उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, फिरत्या हार्ड डिस्कवरून १० मिलिसेकंद. म्हणजे एक लाख पट. तेवढा वेळ प्रोसेसर हातावर हात धरून बसलेला असतो. त्याच्या जागी दुप्पट वेगाचा आणून बसवलात, तरी तोही तसाच बसेल.

'प्रोसेसर बदलला की मशीन पळतं' ही समजूत मात्र उगाच झालेली नाही. आमच्या पिढीनं ते डोळ्यांनी पाहिलंय. १९९३ चा पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा होता. २००२ च्या अखेरीस पेंटियम ४ नं ३ गिगाहर्ट्झ ओलांडले. दहा वर्षांत पन्नास पट! यामागचं गणित आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी १९७४ मध्ये मांडलं होतं. ट्रान्झिस्टर लहान करत गेलं की त्याला लागणारं व्होल्टेज आणि वीजही त्याच प्रमाणात उतरते, त्यामुळे चिप तापू न देता वेग वाढवता येतो. २००५ च्या आसपास हे गणित फिसकटलं. ट्रान्झिस्टर इतके बारीक झाले की बंद असतानाही त्यांतून करंट झिरपू लागला आणि व्होल्टेज आणखी उतरवता येईना. इंटेलनं ४ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ चा बेत २००४ मध्येच गुंडाळला आणि सगळे एकाच चिपवर जास्त कोअर बसवण्याच्या मागे लागले. आज सगळ्यात महागडा डेस्कटॉप प्रोसेसर घेतला तरी तो ६ गिगाहर्ट्झच्या आसपास अडतो. एका ठोक्यात तो पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त काम उरकतो, हे खरं. पण पत्र टाइप करणाऱ्याला सोळा कोअरचा काय उपयोग?

मेमरीची गंमत वेगळीच. आजची डायनॅमिक रॅमही याच डेनार्डसाहेबांची. एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर मिळून एक बिट, त्याचं पेटंट १९६८ चं. डीडीआर४ जाऊन डीडीआर५ आली, पाकिटावरचा आकडा ३२०० वरून ६००० वर गेला, पण मागितलेली गोष्ट हातात पडायला लागणारा वेळ जवळपास तिथंच आहे. ३२०० ची सीएल १६ पट्टी घ्या की ६००० ची सीएल ३० घ्या, दोन्हींचा हिशेब १० नॅनोसेकंदच येतो. वाढलीय ती एका दमात वाहून नेण्याची क्षमता. मोठे व्हिडिओ, थ्रीडी, गेम असल्या कामांत ती जाणवते. घरच्या मशीनला रॅम किती आहे यानं फरक पडतो, ती कुठल्या पिढीची आहे यानं फारसा नाही.

म्हणून जुन्या डेस्कटॉपला माझा उपाय ठरलेला: हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी, आणि आठ जीबी असेल तर शेजारी आठची आणखी एक पट्टी. काम पंधरा मिनिटांचं. कॅबिनेटचं झाकण काढायचं, धूळ झटकायची, स्लॉटच्या टोकाची क्लिप बाहेर ओढायची, पट्टीची खाच स्लॉटमधल्या दांड्याशी जुळवायची आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबायचं. क्लिप 'टक्' करून आपोआप बसली पाहिजे; बसली नाही तर पट्टी उलटी धरलीय किंवा डीडीआर५ ची पट्टी डीडीआर४ च्या बोर्डात कोंबताय. चार स्लॉट असतील तर साधारणपणे दुसरा आणि चौथा वापरावा, म्हणजे दोन्ही चॅनल कामाला लागतात. आणि हो, इथल्या जानेवारीत घरातली हवा इतकी कोरडी असते की लोकरीच्या स्वेटरमधून ठिणगी उडते. आधी कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, मग पट्टीला.

आता भावाचं. गेल्या उन्हाळ्याच्या मानानं ३२ जीबी डीडीआर५ चा जोड वर्ष संपता संपता तिपटीच्या घरात गेला. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येते, आणि तिघांनाही सध्या एआयच्या डेटा सेंटरना माल देण्यात जास्त पैसा दिसतोय. मायक्रॉननं तर डिसेंबरात जाहीरच केलं की 'क्रुशल' नावानं तुम्हाआम्हाला विकायच्या पट्ट्या आम्ही बंद करतोय. अशा वर्षी सेलमध्ये स्वस्त प्रोसेसर दिसला म्हणून उचलणं म्हणजे नाल सापडली म्हणून घोडा घेणं. नवा प्रोसेसर जुन्या सॉकेटात बसत नाही, म्हणून नवा मदरबोर्ड. त्याला जुनी रॅम चालत नाही, म्हणून डीडीआर५. वर केबेकचा जवळपास १५ टक्के टॅक्स.

अपवाद आहेत. एएमडीचं एएम४ सॉकेट हा त्यातला सगळ्यात सुखद. २०१७ साली घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा रायझन ५८०० एक्सथ्रीडी बसतो, तोही जुन्याच डीडीआर४ सकट. गेम खेळणाऱ्या पोराला असा प्रोसेसर वाजवी भावात मिळाला, तर मी आडवा येणार नाही. पोटापाण्यासाठी व्हिडिओ एडिट करणाऱ्यांना, तासन्‌तास कोड कंपाइल करणाऱ्यांनाही नवं मशीन परवडतं, कारण त्यांच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर खरोखरच शंभरावर असतो. लॅपटॉपवाल्यांनी मात्र घेतानाच डोळे उघडे ठेवावेत. मॅकबुकमध्ये आणि आता बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम आतच पक्की केलेली असते; जेवढी घेतलीत तेवढ्यावर जन्म काढायचा. तिथं सोळाच्या खाली जाऊ नये.

'नव्या प्रोसेसरनं विजेचं बिल कमी येतं' असं सांगणारेही भेटतात. ब्रॉसार्डमध्ये मला हे पटत नाही. हायड्रो-केबेकची घरगुती वीज पहिल्या टप्प्यात सात सेंट युनिटच्या आसपास आहे, आणि इथल्या बहुतेक घरांत हीटर विजेवरच चालतो. हिवाळ्यात कॉम्प्युटर जी उष्णता टाकतो, तेवढी हीटरला कमी टाकावी लागते. पुण्यात एप्रिलमध्ये हिशेब उलटा, तिथं एसीलाही जास्तीचं काम पडतं.

राहिलं विंडोज ११. जानेवारी २०१७ चा कोअर आय७-७७००के हा चार कोअरचा दणकट प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत नाही. त्याच वर्षाच्या शेवटी आलेला दोन कोअरचा, रडतखडत चालणारा सेलेरॉन एन४००० मात्र बसतो. सुरक्षेची कारणं मायक्रोसॉफ्टनं दिली आहेत आणि ती अगदीच खोटी नाहीत, पण यात मशीनच्या ताकदीचा काही संबंध नाही. असा आय७ घरात असेल तर टाकू नका. विंडोज १० चे वाढीव सुरक्षा अपडेट नोंदणी करून घ्या. सेटिंगचा बॅकअप मायक्रोसॉफ्टच्या खात्यात ठेवायची तयारी असेल तर ते फुकट मिळतात. नाहीतर लिनक्स मिंट टाका, आजीआजोबांना ब्राउझर आणि व्हिडिओ कॉलपलीकडे लागतं काय? आणि मशीन खरोखरच बदलायचं झालं, तर माँत्रियालच्या इन्सर्टेकसारख्या ठिकाणी आधी चक्कर टाका. ना-नफा तत्त्वावर चालणारी ही संस्था तरुणांना शिकवत शिकवत वापरलेले कॉम्प्युटर दुरुस्त करून विकते.

केबेकनं २०२३ मध्ये वस्तू मुद्दाम लवकर निकामी होतील अशा बनवून विकण्यावर बंदी घालणारा कायदा केला. त्यातली डेस्कटॉप आणि लॅपटॉप नीट चालण्याची सक्तीची हमी ५ ऑक्टोबर २०२६ पासून लागू व्हायची आहे. विंडोज १० चे वाढीव अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतात. मधल्या आठ दिवसांत जुनं मशीन घेऊन दुकानात रांग लावू नका. कायदा विकणाऱ्यावर बंधन घालतोय, तुमचा चालता आय७ भंगारात काढा असं काही त्यात लिहिलेलं नाही.